सालीखालचे विंचू: चार डबे घेण्याआधी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात इथे मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू विक्रोळीला वन बीएचकेत आई-बाबा आणि सात वर्षांच्या भावाबरोबर राहतोस, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. ओळखीतल्या एका विक्रेत्याने तुला चार जातींचे ‘बार्क स्कॉर्पिअन’, म्हणजे झाडाच्या सालीखाली राहणारे विंचू, देऊ केलेत, त्यातल्या दोन अमेरिकेतल्या. कोणते घ्यावेत, एकाच टाकीत राहतील का, मुंबईच्या हवेत टिकतील का, आणि आई घाबरते तिला काय सांगायचं, हे तुझे चार प्रश्न.

मी मुलुंडला राहते आणि गेली एकोणीस वर्षं माझ्या घरात एखाददुसरा तरी विंचू असतोच. सुरुवात रायगडमधल्या आमच्या वाडीत झाली. चुलीसाठी आणलेल्या सरपणात आंब्याच्या एका फांदीची साल सुटली आणि तिच्या आतल्या बाजूला, उलटा चिकटलेला, करंगळीच्या पेराएवढा ठिपकेदार विंचू होता. आजीने चप्पल उचलली. मी तिचा हात धरला आणि सालीसकट तो विंचू डब्यात घातला. त्या दिवसापासून मी जे काही शिकले ते बहुतेक सगळं त्या सालीबद्दल आहे. विंचवाबद्दलचं त्यातूनच आपोआप कळत गेलं.

पहिलं उत्तर सरळ देते. अमेरिकेतले घेऊ नकोस, त्यांची किंमतही विचारू नकोस. आयातीचा परवाना असल्याशिवाय जिवंत प्राणी देशात आणता येत नाही, आणि कुरिअरच्या पाकिटात मोज्यात गुंडाळून आलेल्या विंचवाला कसला परवाना असणार? अशा पाकिटातून दहातले किती जिवंत पोचतात हे विक्रेता तुला सांगणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांसाठी त्यात वेगळी अनुसूची आली आणि तसे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. आफ्रिकेचा तो मोठा काळा एम्परर विंचू त्यात मोडतो. अमेरिकेतले सालीखालचे विंचू त्या आंतरराष्ट्रीय यादीत नाहीत, म्हणून विक्रेते ‘याला काही लागत नाही’ असं बिनदिक्कत सांगतात. यादीत नसणं वेगळं आणि आयात कायदेशीर असणं वेगळं.

दुसरं कारण मला कायद्याहून मोठं वाटतं. ॲरिझोनाचा बार्क स्कॉर्पिअन, म्हणजे सेंट्रुरॉइड्स स्कल्प्चरेटस, हा लहान मुलांना धोकादायक विंचू आहे. त्याच्यावरचं प्रतिविष मेक्सिकोत बनतं आणि अमेरिकेत त्याला २०११ साली मान्यता मिळाली. आपल्याकडच्या रुग्णालयात विंचवाचं जे प्रतिविष मिळतं ते आपल्या लाल विंचवाच्या विषावर बनवलेलं असतं. दोन विषांची घडण वेगळी, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला चालेल असं धरता येत नाही. घरात सात वर्षांचं मूल असताना ज्याच्यावरचं औषध या शहरात नाही असा प्राणी आणायचा नाही. या बाबतीत माझं मत बदलणार नाही.

आता तू ज्यासाठी लिहिलंस त्या विषयाकडे येते, कारण तुझं कुतूहल खरं आहे आणि त्याला नुसता नकार मिळू नये.

‘बार्क स्कॉर्पिअन’ हे कुळाचं नाव नाही, राहणीचं आहे. झाडाच्या सुट्या सालीखाली, ढोलीच्या कडेला, लाकडाच्या चिरेत राहणाऱ्या सडपातळ विंचवांना जगभर हे नाव पडलं. अमेरिका खंडात हे बहुतेक सेंट्रुरॉइड्स या प्रजातीतले. पूर्व आफ्रिकेत बॅबिक्युरस जॅक्सनाय आहे, तांबूस अंगाचा आणि त्या मानाने जाड शेपटीचा. आपल्याकडे आणि आग्नेय आशियात लायकस, आयसोमेट्रस आणि त्यांचे जवळचे नातेवाईक. दूरदूरच्या या विंचवांना एकाच प्रकारच्या फटीने एकसारखं घडवलंय, मला यातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं. अंग चपटं, पाय लांब, शेपूट बारीक, आणि बसताना शेपूट पाठीवर कमानीसारखी न उभारता बाजूला जमिनीलगत वळवून ठेवलेली. चित्रातला विंचू नेहमी शेपूट उभारून दाखवतात. सालीखाली तेवढी उंचीच नसते.

सेंट्रुरॉइड्समधले काही फोटोतून का होईना ओळखायला शीक. व्हिटॅटस म्हणजे पट्ट्यांचा. फिकट पिवळसर अंगावर पाठीवरून दोन गडद पट्टे आणि डोक्यावर काळपट त्रिकोण. उत्तर मेक्सिकोपासून अमेरिकेच्या मध्य भागापर्यंत पसरलेला, थंडीही सोसणारा. ग्रॅसिलिस त्याहून बराच मोठा, गडद तपकिरी, ओलसर प्रदेशातला. मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण फ्लोरिडात जाऊन स्थिरावला. आणि स्कल्प्चरेटस, ज्याला बराच काळ बाहा कॅलिफोर्नियातल्या एक्झिलिकॉडाबरोबर एकच समजत. २००४ साली दोघांचं विष आणि जनुकं तपासली गेली आणि ते वेगळे असल्याचं पुढे आलं. याच स्कल्प्चरेटसला तिथला एक छोटा उंदीर, ग्रासहॉपर माउस, आरामात खातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कळलं की इतरांना असह्य वेदना देणारं हेच विष त्या उंदराच्या मज्जातंतूंतली वेदनेची वाट उलट बंद करून टाकतं. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. असा प्राणी समजून घ्यायला तो आपल्या कपाटात असावा लागत नाही.

आपल्याकडचे मात्र तुझ्या घरापासून फार लांब नाहीत. २०१० साली झीशान मिर्झा आणि राजेश सनप यांनी गोरेगावच्या आरे दूध वसाहतीतून विंचवाची एक नवी जात जगासमोर आणली आणि तिला लायकस आरेयेन्सिस असं नाव दिलं. विक्रोळीहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने बसने निघालास तर आरे किती जवळ आहे ते तुलाच माहीत. आयसोमेट्रस मॅक्युलेटसचं वर्णन डी गीर या शास्त्रज्ञाने १७७८ सालीच करून ठेवलंय. जहाजातल्या मालाबरोबर तो जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या बंदरांत जाऊन पोचला. त्याचा नर एकदा बघितला की विसरत नाहीस. शेपूट इतकी लांब आणि बारीक की बाकीचं अंग तिला जोडल्यासारखं वाटतं, आणि चिमटेही तसेच काडीसारखे. मादी त्याच्यापुढे साधी, आखूड, ठिपकेदार. २०२० साली ताम्हिणी आणि आंबोलीतून आयसोमेट्रसच्या दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या. टिकाडर आणि बस्तवडे यांनी भारतातल्या विंचवांचं मोठं काम १९८३ साली पूर्ण केलं, त्यानंतरही सह्याद्री अजून नवं देतोच आहे. शास्त्रीय नावं मधूनमधून बदलतात, प्रजाती फुटून वेगळ्या होतात. त्याचा ताण घेऊ नकोस. विंचू कुठे सापडला, कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या महिन्यात, हे वहीत लिहून ठेव. नाव बदललं तरी ती नोंद बदलत नाही.

पुढचा भाग नीट वाच, कारण यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मुंबईच्या आजूबाजूचा पट्टा, सगळीकडे लाल विंचू आहे. पूर्वी त्याला मेसोब्युथस टॅम्युलस म्हणत, आता हॉटेंटोटा टॅम्युलस म्हणतात. हा जमिनीवरचा, दगडाखालचा, पण सरपणाच्या आणि कौलांच्या ढिगातही येतो. याचं पिल्लू आणि सालीखालचा पूर्ण वाढलेला लायकस नवख्या माणसाला सारखेच वाटतात. ‘काळा विंचू मोठा म्हणून घातक आणि तांबडा छोटा म्हणून किरकोळ’ हा समज गावोगावी आहे आणि तो नेमका उलटा आहे. इंगळी म्हणतो ती मोठी काळी, जाड चिमट्यांची, तिचा डंख दुखतो, पण माणसं दगावतात ती लालच्या डंखाने.

ओळखायचं कसं? शेपटीच्या टोकाला विषाचा काटा असतो. लायकस आणि आयसोमेट्रसच्या त्या काट्याच्या मुळाशी, खालच्या बाजूला, आणखी एक छोटासा काटा किंवा उंचवटा असतो. लाल विंचवाला तो नसतो. मोबाइलला मॅक्रो भिंग लावून बाजूने फोटो काढलास तर स्पष्ट दिसतं. शिवाय सालीखालच्यांचे पाय आणि पाठ बहुधा चितकबरी असते, सुकलेल्या सालीवर हळदीचे आणि काळे शिंतोडे उडावेत तशी. लालची शेपूट जाड आणि कंगोऱ्यांची. तरीही फोटोवरून माझी खात्री पटत नाही तोवर मी तो विंचू लालच आहे असं धरून वागते, आणि तूही तसंच वाग.

हॉटेंटोटाबद्दल बोलताना महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लाल विंचवाच्या डंखानंतर उलटी, दरदरून घाम, थंडगार पडणारे हातपाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना असते, हे त्यांनी कोकणातल्या साध्या दवाखान्यात रात्र रात्र रुग्णांजवळ बसून टिपलं आणि १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपचार त्यांनी रुजवला. २०११ साली प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो हेही त्यांनी तपासून दाखवलं. परळच्या हाफकिन संस्थेत विंचवावरचं प्रतिविष बनलं ते याच लाल विंचवासाठी. विंचवाची आवड असणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे माहीत करून घेतलंच पाहिजे, कारण आपल्या आजोबांच्या काळात डंखानंतरचा पहिला तास विंचू उतरवणाऱ्याच्या ओट्यावर जात असे.

डंख झालाच तर घट्ट पट्टी बांधू नकोस, कापू नकोस, चोखू नकोस, पाल्याचा रस लावत बसू नकोस. जमलं तर विंचवाचा फोटो घे आणि मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठ. नुसती आग-आग आणि ठणका असेल तरी लहान मुलाला दाखवायला न्यायचंच. घाम किंवा उलटी सुरू झाली तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

आता पाळण्याबद्दल. तुझे चार डबे नकोत, एक डबा पुरे, तोही लगेच नको. पहिला पावसाळा नुसता बघण्यात घालव. जूनमध्ये पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की विंचू बाहेर पडतात, विशेषतः नर, माद्यांच्या शोधात. अमावस्येच्या आसपासच्या रात्री निवड, चांदण्यात ते कमी फिरतात. सोबत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, टॉर्च घे. ३९५चा स्वस्त मिळतो आणि कामही देतो, पण त्याचा जांभळा उजेडच इतका असतो की विंचवाचं तेज त्यात विरतं. ३६५च्या झोतात काळ्या खोडावर अचानक निळसर-हिरवा विंचू पेटल्यासारखा दिसतो. त्याच्या कवचातल्या द्रव्यांमुळे हे होतं. म्हणूनच नुकतीच कात टाकलेला, मऊ, पांढुरका विंचू चमकत नाही, आणि त्याच झाडावर लटकलेली त्याची रिकामी कात मात्र लखलखते. हे दोन्ही शेजारी शेजारी दिसलेली रात्र मला अजून आठवते. टॉर्च डोळ्यांवर मारू नकोस, विंचवावरही मिनिटभराहून जास्त धरू नकोस, झोत पडला की तो अस्वस्थ होऊन सरकतो.

जाताना एकटा जाऊ नकोस. आरेत आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला बिबट्या फिरतो, हे खरं तर सांगायला नको पण लोक विसरतात. आरेतल्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांपैकी कोणाची ओळख असेल तर त्यांच्याबरोबर जा. कोणत्या झाडाची साल कधी सुटते हे त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत असतं. आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही. विंचू नाही, साल नाही, पानही नाही. तो गुन्हा आहे. साल उचकटूनही बघायची नाही, कुठेच. एकदा खोडापासून ओढलेली साल परत तशी बसत नाही, फटीतली ओल उडते आणि वर्षानुवर्षं वस्ती असलेलं घर एका मिनिटात रिकामं होतं. रात्री ते स्वतःच बाहेर येतात, डोकं खाली करून खोडावर बसतात आणि खालून चढणाऱ्या किड्याची वाट बघतात. तेवढं थांबायची तयारी ठेव.

पावसाळाभर हे केलंस आणि तरीही घरी एक ठेवावासा वाटला, घरातलं प्रत्येक माणूस हो म्हणालं, तर मी कसं करते ते सांगते. मी आमच्या वाडीच्या सरपणात आपणहून आलेलेच ठेवते, विकत कधी घेतला नाही. तुझ्याकडे तशी जागा नसेल तर गावाकडच्या सरपणाची वाट बघ, आणि काही उचलण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून घे.

काचेची टाकी नको. स्वच्छ काचेवर किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर विंचू चढू शकत नाही हे खरं, पण टाकीच्या कोपऱ्यांत काच जोडायला सिलिकॉन लावलेलं असतं, आणि सालीखालचा विंचू त्यावरून शिडीसारखा चढतो. मला हे फार उशिरा कळलं. एका सकाळी टाकी रिकामी होती. त्या रात्री घरातले सगळे दिवे बंद करून यूव्ही टॉर्चने शोधलं तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या पडद्याच्या चुणीत, छताजवळ, तो उलटा लटकलेला सापडला. जमिनीवर शोधत बसले असते तर सापडला नसता. हे विंचू सुटले की वर जातात, खाली नाही. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात वापरतो तसला, चारी बाजूंनी कड्या लागणारा उभा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा वापरते, आणि तो डबा आणखी एका मोठ्या, कुलूप लागणाऱ्या डब्यात ठेवते.

हवेसाठी दोन समोरासमोरच्या भिंतींना भोकं हवीत, एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा आरपार खेळते. भोकं तापवलेल्या सुईने पाडायची आणि आतून स्टीलची बारीक जाळी लावायची. पोक्त विंचू भोकातून जाणार नाही, पण पिल्लं जातात. मुंबईत विंचू कोरडेपणाने मरत नाही, कोंदटपणाने मरतो. जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या हवेलाच एवढी ओल असते की डब्यात वेगळं पाणी मारायची गरजच नसते. बंद डब्यात आठवड्याभरात सालीवर पांढरी बुरशी येते, मग बारीक कोळीकीटक येतात आणि विंचवाच्या पोटाखालच्या श्वासाच्या चिरांभोवती चिकटतात. तळाच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडले तर ते बुरशी खातात, पण हवा खेळत नसेल तर तेही पुरे पडत नाहीत. उन्हाळ्यात किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत मात्र दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सालीच्या एका टोकावर बारीक फवारा मारावा. विंचू ते थेंब पितो. दुसरं टोक कोरडं राहू दे, कुठे बसायचं ते त्याला ठरवू दे. हीटरबिटर मुंबईत लागत नाही.

आणि साल. मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घालवते. पावसाळ्याआधी महापालिका फांद्या छाटते तेव्हा फूटपाथवर आंब्याच्या, शिरीषाच्या, पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांचे ढीग पडतात. त्यातली जाड, खवल्यांची, सुटी साल घ्यायची, हिरवी नाही. चुना-गेरू रंगवलेल्या बुंध्याची किंवा वाळवीचं औषध मारलेल्या झाडाची अजिबात नको. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर आठ-दहा दिवस वाळवायची. मग दोन तुकडे, आतल्या बाजू समोरासमोर ठेवून, वरच्या टोकाला सुताने बांधायचे, मध्ये पेन्सिल जेमतेम सरकेल एवढी फट ठेवून. या विंचवाला पाठ आणि पोट दोन्हीकडून काहीतरी टेकलेलं लागतं, तेव्हाच तो निवांत होतो. मोठी ऐसपैस गुहा दिली तर तो तिच्यात राहत नाही, डब्यात भटकत बसतो. पहिल्या वर्षी मी फट दुप्पट ठेवली होती आणि तो महिनाभर नीट खात नव्हता. सुताची गाठ आवळली, दुसऱ्याच रात्री त्याने किडा पकडला.

साल उभी ठेव, थोडी तिरपी, पण तिचं टोक झाकणापासून निदान चार बोटं खाली राहू दे. तरीही झाकण उघडण्याआधी दर वेळी आधी झाकणाच्या खालची बाजू बघ. जाळीला पाय रोवून तो तिथे उलटा बसलेला असतो. तुझी बोटं नेमकी तिथेच जातात. हात डब्यात कधीही नाही, एक फुटाचा चिमटा वापर. हातावर घेऊन फोटो काढायची जी पद्धत सध्या दिसते ती मला मनापासून चुकीची वाटते. विंचवाला त्यातून काहीच मिळत नाही, त्याला फक्त गरम, हलणारी, उघडी जागा जाणवते.

उभी साल आणखी एका कामासाठी लागते, कात टाकायला. सालीखालचा विंचू लटकून कात टाकतो. त्याआधी काही दिवस तो खात नाही, पोट ताणलेलं आणि अंग निस्तेज दिसतं. तेव्हा डब्यात जिवंत रातकिडा राहिला तर मऊ पडलेल्या विंचवाला तोच खाऊन टाकतो. म्हणून रात्रीत न खाल्लेलं सकाळी काढायचंच. खाणं आठवड्या-दहा दिवसांतून एकदा, त्याच्या अंगाच्या अर्ध्याएवढा एक किडा. रातकिडे किंवा गव्हाच्या कोंड्यात घरी वाढवलेल्या मीलवर्म अळ्या चालतात. स्वयंपाकघरातलं झुरळ कधीही देऊ नकोस, ते कुठल्या औषधावरून चालून आलंय सांगता येत नाही.

औषधांवरून आठवलं. मुंबईत पाळलेले विंचू सगळ्यात जास्त कशाने मरत असतील तर डासांच्या औषधाने. भिंतीला लावायचं लिक्विड मशिन, अगरबत्ती, फवारा, सगळ्यांत किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करणारं द्रव्य असतं, आणि त्या द्रव्यापुरता विंचू आपल्यापेक्षा किड्याच्याच जवळचा आहे. माझी एक मादी, पाठीवर पिल्लं घेतलेली, सोसायटीच्या धूरफवारणीत गेली. मी ऑफिसात होते आणि खिडकी उघडी राहिली होती. आता मी सूचनाफलक रोज वाचते आणि फवारणीच्या दिवशी डबा बहिणीकडे जातो. तुमच्या घरात रात्री मशिन चालत असेल तर, आणि मलेरिया-डेंग्यूच्या शहरात ते चालायलाच हवं, विंचू ठेवू नकोस. भावाची झोप आधी.

एका टाकीत अनेक ठेवायचे का? वेगवेगळ्या जाती तर कधीच नाही. एकाच जातीचे सेंट्रुरॉइड्स एकमेकांना बरंच सहन करतात, ॲरिझोनाचे तर थंडीत गटाने एका फटीत दाटीवाटीने राहतात. त्यावरून लोक समजतात की सगळेच तसे. आपल्याकडच्यांबाबत माझा अनुभव वेगळा आहे. दोघांना एकत्र ठेवलं की सहा महिन्यांत एक उरतो, बहुधा दुसऱ्याने कात टाकली त्या रात्री.

मादी एकटी असली तरी तिला पिल्लं होऊ शकतात, हे आधीच धरून चाल. ती रानात आधी मिलन करून आलेली असते, आणि आयसोमेट्रस, सेंट्रुरॉइड्ससारख्यांत एका मिलनावर पुढेही वीण होते. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं होतात, पांढरी, तांदळाच्या दाण्यासारखी, आणि ती आईच्या पायांवरून चढून पाठीवर बसतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर हे आपण सहज बोलून जातो. ते बिऱ्हाड प्रत्यक्षात आठवडाभराचंच असतं. पहिली कात पाठीवरच टाकली की पिल्लांना रंग येतो, मग ती एकेक करून उतरतात, आणि त्यानंतर आई त्यांना ओळखेलच असं नाही. वीस-पंचवीस पिल्लांसाठी वीस-पंचवीस डब्या तयार आहेत का, हे मादी ठेवण्याआधी स्वतःला विचार. त्यांना आरेत किंवा दुसऱ्या कुठल्या रानात सोडून देणं हा पर्याय नाही. जिथून आई आली नेमक्या त्याच जागी नेता आलं आणि मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या प्राण्याचा संपर्क आला नसेल तरच.

आता आईंबद्दल. त्यांना पटवू नकोस. त्यांची भीती अडाणीपणाची नाही, लाल विंचवाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाची ती शहाणी सवय आहे. माझ्या आईला सवय व्हायला चार वर्षं लागली. तिने पहिल्यांदा डब्याजवळ खुर्ची ओढली ती पिल्लं पाठीवर बघून, आणि त्या रात्री तिनेच मला उठवलं, ‘एक खाली पडलंय गं’ म्हणून. तुझ्या आईने नकोच म्हटलं, तर डबा घरात येणार नाही, विषय तिथे संपला. तुझ्याकडे टॉर्च आणि वही असेल आणि त्यात तुला काही कमी पडणार नाही.

यंदा मृगाचा पाऊस नीट लागला तर जूनच्या अमावस्येच्या आधीच्या शनिवारी आम्ही पाच-सहा जण येऊरच्या पायथ्याशी, हद्दीबाहेरच्या रस्त्याकडेच्या झाडांवर बघायला जाणार आहोत. बूट घाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. विक्रेत्याने पाठवलेले फोटो तोवर मला पाठव, त्यात काट्याखालचा दुसरा काटा दिसतोय का तो बघते. तो काटा नसलेला एखादा विंचू ‘बार्क स्कॉर्पिअन’ म्हणून विकला जात असेल, तर ते त्याच्या इतर गिऱ्हाइकांनाही तातडीने कळायला हवं.